पार्ल्याच्या गच्चीवरून देवयानी

परतीचा पाऊस मुंबईतून गेला की दोन-तीन आठवडे असे येतात, जेव्हा या शहराला आभाळ असतं. हवामान खात्याच्या वेळापत्रकात मान्सूनने मुंबई सोडण्याची तारीख ८ ऑक्टोबर आहे. प्रत्यक्षात तो कधी गरब्यात चिखल करतो, कधी दिवाळीच्या फराळापर्यंत रेंगाळतो. पण एकदा गेला की हवेतली सगळी धूळ त्याने खाली बसवलेली असते. दिवसा ऑक्टोबर हीटने जीव नकोसा होतो खरा, रात्री मात्र नऊनंतर गच्चीवर जाऊन वर बघावं. पुढे थंडी सुरू झाली की जमिनीलगतची गार हवा वरच्या उबदार थराखाली अडकते. तिच्याबरोबर वाहनांचा धूर आणि बांधकामांची धूळही अडकून पडते. थंडीत आभाळ स्वच्छ असतं हे गावाकडचं गणित आहे. मुंबईचा मोसम शरदाचा, आणि तो थोडक्यात संपतो, म्हणून मी या दिवसांत संध्याकाळची कामं पुढे ढकलते.

आम्ही राहतो विलेपार्ले पूर्वेला. जुनी चार मजली इमारत, लिफ्ट नाही. विमानतळ जवळ असल्यामुळे इथे इमारतींच्या उंचीवर मर्यादा आहे. फनेल झोनमुळे, म्हणजे विमानांच्या उतरण्याच्या वाटेखालच्या पट्ट्यामुळे, पुनर्विकास अडला म्हणून पार्लेकर वर्षानुवर्षं हैराण आहेत आणि त्यांचं म्हणणं रास्त आहे. पण त्याच फनेल झोनमुळे आमच्या गच्चीवरून आभाळ चारी बाजूंनी बऱ्यापैकी खाली उतरतं. लोअर परळला किंवा कांदिवलीला राहणाऱ्या माझ्या मैत्रिणींना दोन टॉवरमधली एक फट मिळते. मला पूर्वेला कृत्तिका उगवताना दिसतात. विमानतळाच्या उजेडाने क्षितिजाकडचा पट्टा धुऊन निघतो, दर काही मिनिटांनी एखादं विमान दिवे लावून जातं, ते सगळं मान्य. तरीही हे आभाळ मोठं आहे.

नुसत्या डोळ्यांनी मात्र यात फार काही उरत नाही. चांगल्या रात्रीसुद्धा ठळक तारे तेवढे मोजून दिसतात. म्हणून हातात बायनॉक्युलर हवी, आणि ती महागडी असण्याची गरज नाही. माझी १०×५० आहे. म्हणजे दहा पट मोठं दाखवणारी आणि समोरचं भिंग ५० मिलिमीटर व्यासाचं. अंधारात तरुण डोळ्याची बाहुली साधारण ७ मिलिमीटर उघडते. त्या मानाने ही भिंगं प्रत्येक डोळ्यासाठी सुमारे पन्नास पट प्रकाश गोळा करतात. शहरात राहणाऱ्यांनी एक गोष्ट लक्षात ठेवावी. पुस्तकांत ७×५० ची शिफारस असते, पण ती मिट्ट काळोखासाठी. तिच्यातून बाहेर पडणारा प्रकाशाचा झोत ७ मिलिमीटरचा असतो आणि चाळिशीनंतर डोळ्याची बाहुली तेवढी उघडत नाही. १०×५० चा झोत ५ मिलिमीटरचा. शिवाय जास्त वर्धनामुळे आभाळाचा भुरकट उजेड पसरून फिका पडतो, तारा मात्र ठिपकाच राहतो. त्यामुळे मुंबईच्या आभाळातही मागची बाजू काळी वाटायला लागते आणि नुसत्या डोळ्यांना रिकामी दिसलेली जागा ताऱ्यांनी भरते. हा फरक पहिल्यांदा बघणाऱ्या प्रत्येकाच्या तोंडून आवाज निघतो. मी हे अनेकदा ऐकलं आहे आणि अजून त्याचा कंटाळा आलेला नाही.

जुळवून घेणं सोपं आहे, पण करावं लागतं. उजवा डोळा मिटून मधल्या चाकाने डाव्या डोळ्यासाठी तारा बारीक टोकदार करायचा. मग डावा मिटून उजव्या नेत्रभिंगाजवळची कडी फिरवायची. हात थरथरतात, म्हणून मी कठड्यावर कोपरं टेकवते किंवा सरळ चटई टाकून आडवी होते. डोकं टाकीच्या सिमेंटच्या ओट्याला टेकलं की दोन्ही कोपरं छातीवर घट्ट राहतात. मोबाईल घरी ठेवायचा. डोळे अंधाराला सरावायला वीस-तीस मिनिटं लागतात आणि एका व्हॉट्सॲप मेसेजने ती सगळी फुकट जातात.

दुर्बीण का नाही, असं लोक विचारतात. चंद्राची विवरं, शनीची कडी बघायची तर दुर्बीणच हवी, त्यात वाद नाही. पण शरदाचं आभाळ पसरलेल्या गोष्टींचं आहे. माझ्या बायनॉक्युलरमध्ये सुमारे साडेसहा अंशांचं आभाळ मावतं, म्हणजे पौर्णिमेचे तेरा चंद्र शेजारी-शेजारी ठेवता येतील एवढं. कृत्तिका त्यात पूर्ण मावून वर चहूकडे जागा राहते. दुर्बिणीत त्या तुकड्या-तुकड्यांनी बघाव्या लागतात. ययाती या तारकासमूहातल्या सर्वांत ठळक ताऱ्याभोवती, मिरफाकभोवती, निळसर-पांढऱ्या ताऱ्यांची एक वळणदार ओळ आहे. नुसत्या डोळ्यांना मुंबईत तो एकटा तारा दिसतो. दुर्बिणीत तो समूह मावत नाही. बायनॉक्युलरमध्ये मात्र तो असा काही उलगडतो की शहरात बसून बघण्यासारख्या गोष्टींत मी त्याला पहिला नंबर देईन.

ययाती म्हटलं की शरदाच्या आभाळातलं ते सगळं प्रकरण आलं. पाश्चात्त्यांनी तिथे त्यांच्या राजाराणीची गोष्ट मांडली, आपल्याकडच्या खगोलप्रेमींनी महाभारतातली. उत्तरेला इंग्रजी एम अक्षरासारखी शर्मिष्ठा, तिच्यापलीकडे तिचा बाप असुरराज वृषपर्वा, पूर्वेकडे ययाती, आणि त्यांच्यापासून डोक्याकडे पसरलेली देवयानी. शर्मिष्ठेने देवयानीला विहिरीत ढकललं, ययातीने हात धरून वर काढलं, शुक्राचार्यांच्या या मुलीने मग वृषपर्व्याकडून त्याची मुलगीच दासी म्हणून मागून घेतली. लहानपणी आजीने ही गोष्ट सांगताना सगळा राग शर्मिष्ठेवर काढला होता. मला अजून ठरवता येत नाही. पण ऑक्टोबरातल्या रात्री ही चौघं एकमेकांच्या इतक्या जवळ उभी असतात, की एक सापडलं की बाकीची सापडतात.

देवयानीकडे जायची वाट अशी. आधी भाद्रपदांचा मोठा चौकोन शोधायचा. पूर्वा आणि उत्तरा भाद्रपदांचे चार तारे, आत जवळजवळ रिकामी जागा. त्याच्या ईशान्येकडच्या कोपऱ्यातून निघायचं, मधला एक मंद तारा ओलांडून लालसर मिराक ताऱ्यावर थांबायचं. इथून बायनॉक्युलर डोळ्यांना लावायची आणि शर्मिष्ठेकडे वळायचं. एक फिकट तारा, त्याच्यापुढे आणखी फिकट दुसरा. त्या दुसऱ्याच्या अगदी बाजूला एक पुसट, लांबट डाग आहे. पहिल्या क्षणी भिंगावर बोट लागलंय असं वाटतं. नजर थोडी तिरकी करावी, डागाकडे न बघता त्याच्या शेजारच्या ताऱ्याकडे बघावं. डोळ्याच्या मध्यभागापेक्षा कडेचा भाग मंद प्रकाश चांगला टिपतो, त्यामुळे डाग लगेच मोठा होतो, मध्ये उजळ आणि कडांना विरत गेलेला. ही देवयानी दीर्घिका, आपल्या आकाशगंगेसारखीच ताऱ्यांची एक प्रचंड वस्ती. नुसत्या डोळ्यांना मुंबईतून ती दिसत नाही. बायनॉक्युलरमध्ये दिसते तो तिचा केवळ गाभा. वांगणीला, कर्जत लाईनवर, जिथे खगोल मंडळाचे आकाशदर्शनाचे कार्यक्रम होतात, तिथल्या अंधारात हाच डाग दोन्ही बाजूंना पसरत जातो. खरं तर तिची लांबी आभाळात तीन अंशांहून जास्त आहे, म्हणजे सहा पूर्णचंद्रांएवढी. पार्ल्यातून तो विस्तार दिसत नाही, पण तो तिथे आहे हे ठाऊक असलं की बघण्यात फरक पडतो.

तिचं अंतर २५ लाख प्रकाशवर्षं. हा आकडा सगळीकडे छापलेला असतो. तो माणसाला कळला कसा, हे मात्र क्वचित सांगितलं जातं, आणि त्याची किल्ली त्याच आभाळात, देवयानीपासून दोन पावलांवर, वृषपर्व्यात आहे.

वृषपर्वा म्हणजे लहान मुलं काढतात तसं घर, चौकोन आणि वर त्रिकोणी छप्पर. ऑक्टोबरात रात्री नऊ-साडेनऊला ते उत्तरेला उलटं टांगलेलं असतं, छपराचं टोक खाली ध्रुवाकडे. त्याच्या वरच्या उजव्या कोपऱ्यात बायनॉक्युलर लावली, की एकाच क्षेत्रात तीन ताऱ्यांचा छोटा त्रिकोण दिसतो. झीटा, एप्सिलॉन आणि डेल्टा. झीटा थोडा ठळक, एप्सिलॉन मंद, दोघेही आपल्या जागी स्थिर. डेल्टा मात्र बदलतो. सुमारे ५ दिवस ९ तासांत तो एक फेरी पूर्ण करतो. दीड दिवसात झपाट्याने उजळून झीटाच्या बरोबरीला येतो, मग चार दिवस सावकाश मंदावत एप्सिलॉनच्याही किंचित खाली जातो. तारा खरोखर फुगतो आणि आकसतो, आपल्यापासून सुमारे ९०० प्रकाशवर्षांवर, आणि ते पार्ल्याच्या गच्चीवरून दिसतं. त्याला कोणतंही उपकरण जोडावं लागत नाही. शेजारच्या दोघांशी तुलना केली की पुरे.

ही तुलना पहिल्यांदा केली जॉन गुडरिकने, १७८४ मध्ये, इंग्लंडमधल्या यॉर्क गावात. त्याला ऐकू येत नव्हतं. त्याआधी त्याने ययातीतल्या अल्गॉल ताऱ्याचं मंदावणं मोजून त्याचा काळ काढला होता, एखादं अंधारं जोडीदार पिंड त्याच्यासमोरून जात असावं असं सुचवलं होतं, आणि त्यासाठी १७८३ मध्ये रॉयल सोसायटीने त्याला कॉप्ली पदक दिलं. तेव्हा तो एकोणीस वर्षांचा होता. एकविसाव्या वर्षी वारला. डेल्टाचं कोडं त्याला सुटलं नाही, सुटण्यासारखं तेव्हा नव्हतंच. पण त्याने पाहिलेल्या ताऱ्याच्या जातीला पुढे त्याच ताऱ्यावरून, वृषपर्व्याच्या सेफियस या पाश्चात्त्य नावाने, सेफिड असं नाव पडलं.

सव्वाशे वर्षांनी हार्वर्ड वेधशाळेत हेन्रिएटा लेव्हिट काचेच्या फोटोपट्ट्यांवरचे तारे तपासत होती. तिलाही ऐकायला कमी येई. लहान मॅगेलनिक मेघ या आपल्या शेजारच्या छोट्या दीर्घिकेतल्या २५ ताऱ्यांवरून तिने १९१२ मध्ये दाखवून दिलं, की या जातीचा तारा जितका सावकाश उजळतो-मंदावतो, तितका तो मुळात जास्त तेजस्वी असतो. म्हणजे घड्याळ लावून ताऱ्याचं खरं तेज कळणार. खरं तेज आणि दिसणारं तेज यांचा हिशेब केला की अंतर हातात येतं.

ऑक्टोबर १९२३ मध्ये, म्हणजे आमच्या पार्ल्यात लोकमान्य सेवा संघ सुरू झाला त्याच वर्षी, एडविन हबलने कॅलिफोर्नियातल्या माउंट विल्सनवरच्या १०० इंची दुर्बिणीतून देवयानीतला असा एक तारा पकडला. तोवर देवयानी हा आपल्याच आकाशगंगेतला एखादा ढग असेल, असं मानणारे मोठमोठे लोक होते. हबलच्या हिशेबाने ती सुमारे ९ लाख प्रकाशवर्षांवर निघाली. वाद संपला. वृषपर्व्याच्या अंगणातल्या ताऱ्याच्या भाऊबंदाने देवयानी किती दूर आहे ते सांगितलं. महाभारतातल्या त्या दोन घरांचं वैर आठवलं की मला हे विशेष वाटतं.

पण ९ लाख हा आकडा चुकीचा होता, आणि तो सुधारला कसा हा भाग माझ्या सगळ्यांत जवळचा आहे. माउंट विल्सन लॉस एंजेलिस शहराच्या डोक्यावर आहे. शहर वाढलं तसं त्या दुर्बिणीचं आभाळ उजळत गेलं. मग दुसरं महायुद्ध आलं, हल्ल्याच्या भीतीने शहराचे दिवे मंद झाले, मालवले गेले. वॉल्टर बाडे हा तिथला खगोलशास्त्रज्ञ जर्मन नागरिक असल्यामुळे त्याला युद्धाच्या कामावर घेतलं नव्हतं. १९४३ मध्ये, बाकीचे सहकारी निघून गेलेले असताना, त्या अंधारात त्याने देवयानीच्या गाभ्याचे फोटो घेतले, आणि जो गाभा तोवर नुसता धुरकट दिसत होता, त्यातले सुटे तारे पहिल्यांदा दिसले. तिथले ठळक तारे लालसर होते, बाहेरच्या फाट्यांतल्या निळ्या ताऱ्यांपेक्षा वेगळे. ताऱ्यांच्या दोन पिढ्या आहेत हे त्यावरून उमगलं. पुढे कळलं की सेफिडसुद्धा दोन प्रकारचे आहेत आणि हबलच्या हिशेबात दोन्ही एकाच मापाने मोजले गेले होते. १९५२ मध्ये बाडेने सुधारित माप मांडलं, आणि देवयानीचं अंतर एकदम दुप्पट झालं; पुढच्या मोजमापांनी ते आजच्या २५ लाखांवर आलं. बाडेच्या मापाने बाकीच्या दीर्घिकांचीही अंतरं दुप्पट झाली. गाभ्याच्या त्या फोटोंसाठी दुर्बीण तीच होती. शहराने दिवे मालवले होते, हा मोठा फरक.

आमच्याकडेही असा अंधार एकदा पडला होता. १९७१ च्या डिसेंबरात, युद्धाच्या वेळी. आई तेव्हा शाळेत होती, याच पार्ल्यात. खिडक्यांच्या काचांना काळे कागद, भोंगा वाजला की दिवे बंद, रस्त्यावरून कुणीतरी ओरडत जायचं, अमक्या मजल्यावरचा दिवा दिसतोय म्हणून. त्या दिवसांची भीती ती अजून सांगते. आणि त्याच्या जोडीला सांगते की अंगणात उभं राहिल्यावर मृग नक्षत्राचा बाण, व्याध, आणि त्यांच्या अवतीभोवती नावं ठाऊक नसलेले कितीतरी तारे. तिच्या वडिलांनी तेव्हा तिला रोहिणी दाखवली होती. मुंबईच्या आभाळात काय आहे हे तिने एकदा पाहिलं आहे, म्हणून माझ्या गच्चीवर जाण्याला घरात कुणी नावं ठेवत नाही.

अंधारासाठी युद्ध कुणालाच नको आहे. तशी गरजही नाही. शहराचा एकूण उजेड माझ्या हातात नाही, पण डोळ्यात थेट घुसणारा दिवा बहुतेक वेळा आपल्याच इमारतीचा असतो, आणि बायनॉक्युलरवाल्याचं सगळ्यांत जास्त नुकसान तोच करतो. आमच्या गच्चीवर पाण्याच्या टाकीचे नळ चोरीला गेल्यावर कमिटीने पांढरा एलईडी बसवला. जिन्याच्या दारावर, सरळ आडवा रोखलेला. तेव्हापासून देवयानीचा डाग शोधायला डोक्यावरून काळी ओढणी घ्यावी लागते. दिवा खाली वळवला, तरी नळांवर उजेड पडेल आणि आभाळावर पडणार नाही, हे मी सेक्रेटरी काकांना बऱ्याचदा सांगितलं. काका ऐकून घेतात. त्यांची काळजी खोटी नाही, नळ खरंच गेले होते.

कोजागरीला सगळी इमारत गच्चीवर असते. आश्विनातली पौर्णिमा म्हणजे मंद तारे बघायला सगळ्यांत वाईट रात्र, चंद्र सगळं पुसून टाकतो. तरी त्या रात्री मी बायनॉक्युलर वर नेतेच. मसाला दुधाचे पेले हातात घेऊन माणसं रांग लावतात. पौर्णिमेला विवरांच्या सावल्या पडत नाहीत, पण टायको विवरातून निघालेले पांढरे पट्टे तेव्हाच चांगले दिसतात, चंद्राच्या दक्षिणेकडून वर पसरलेले. गेल्या कोजागरीला दुसऱ्या मजल्यावरची आठवीतली मुलगी रांगेतून परत-परत येत राहिली. शेवटी म्हणाली, काकू, चंद्र गेल्यावर काय दिसतं?

तेव्हापासून ती येते. तिच्या डोळ्यांची बाहुली माझ्याहून मोठी उघडते, त्यामुळे मला जिथे डाग दिसतो तिथे तिला त्याचा लांबटपणाही दिसतो. ययाती आणि शर्मिष्ठा यांच्या मधला जोड-तारकागुच्छ तिने मी सांगण्याआधी पकडला. पण तिचा जीव जडला तो डेल्टावर. तिने एक दोनशे पानी वही केली आहे. तारीख, वेळ, आणि पुढे एकच ओळ: “आज झीटाएवढा.” “झीटापेक्षा थोडा कमी, एप्सिलॉनपेक्षा बराच जास्त.” “एप्सिलॉनच्या खाली, नक्की.” “ढग.” आकडे काही नाहीत, तुलनाच. त्या ओळी सलग वाचल्या की पाच दिवसांची फेरी आपोआप उठून दिसते. तिने ती आलेख कागदावर काढून आणली आणि चढती बाजू उभी, उतरती बाजू आडवी का, असं मला विचारलं. त्याचं उत्तर समजावून सांगण्यात आमची एक अख्खी संध्याकाळ गेली. ताऱ्याच्या आतल्या हेलियमच्या थरात उष्णता अडकते आणि सुटते इथपर्यंत आम्ही पोचलो.

कमिटीला अर्ज तिनेच लिहिला, मराठीत, वहीची दोन पानं झेरॉक्स जोडून. दर महिन्यात अमावास्येच्या आगेमागे चार-चार दिवस, रात्री नऊ ते साडेदहा, गच्चीवरचा दिवा बंद ठेवावा. त्या वेळात आम्ही वर असूच, त्यामुळे नळांवर लक्ष राहील. पावसाळ्यात ही सवलत नको. काकांनी तो मीटिंगमध्ये वाचून दाखवला. तळमजल्यावरच्या आजोबांनी पाठिंबा दिला, त्यांनाही १९७१ आठवतं. एकाने विरोध केला, तोही नंतर कृत्तिका बघायला वर आला. आता दिव्याचं बटण जिन्याच्या शेवटच्या टप्प्यावर आणून दिलं आहे. दिव्याचं तोंड खाली वळवायचं काम इलेक्ट्रिशियन दिवाळीनंतर करणार आहे, आणि त्याच्या खर्चाला कमिटीने मंजुरी दिली आहे.